बाळंतिणीची सोबत



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत बरीच करमणूक झाली. पंचवीस-तीस वर्षे बोनस, महागाईभत्ता आणि बदली कामगार यांवर बोलणारा माणूस एकदम बाळंतपणावर बोलणार, तेव्हा छापखान्याने दोन वक्त्यांची नावे उलटसुलट केली असावीत, असे आमच्या खजिनदारांना वाटले. तसे काही झालेले नाही. विषय मीच मागून घेतला आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे नगर वाचनालयाच्या बाकावरचे. वैद्यकशास्त्राचा अधिकार मजकडे नाही, आणि पुरुष असल्यामुळे अनुभवाचा तर मुळीच नाही. परंतु काम कोण करते, त्याचे दाम कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, एवढा हिशेब मांडावयास मी शिकलो आहे. तोच हिशेब आज एका निराळ्या खोलीत नेऊन पाहावयाचा आहे.

त्या खोलीच्या दारावर ‘लेबर रूम’ अशी पाटी असते. आमच्या पावतीपुस्तकावरही लेबर हाच शब्द आहे. बाईच्या कळा आणि कारखान्यातील श्रम या दोहोंना इंग्रजी भाषेने एकच शब्द ठेवला, यात त्या भाषेचे दारिद्र्य नसून शहाणपण आहे, असे मला वाटते. फरक इतकाच की कारखान्यातल्या लेबरला एकट्याने काम करावे लागले, तर तो निदान आमच्याकडे तक्रार घेऊन येतो. या दुसऱ्या लेबर रूममधील बाई एकटी असते आणि तिची तक्रार नोंदवावयास तेथे कोणी नसते.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. बाळंतपण दवाखान्यात होऊ लागले हे फार चांगले झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली, तेव्हा देशातली शंभरांपैकी जेमतेम २६ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ८८.६ झाला, आपल्या महाराष्ट्रात तो ९४.७ होता. लाख बाळंतपणांमागे देशात २००१-०३ मध्ये ३०१ माता मरत, त्या २०१८-२० मध्ये ९७ वर आल्या. महाराष्ट्रात ३३ वर. घरच्या अंधाऱ्या खोलीत, विळ्याने नाळ कापून, धनुर्वाताने लेकरू गमावण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आकड्यांची किंमत मी सांगावयास नको. तेव्हा दवाखान्याविरुद्ध बोलावयास मी येथे उभा नाही. माझा झगडा आहे तो दवाखान्याच्या एका दाराशी.

एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या म्हणून आई, सासू, एखादी जाऊ आणि गावची आशाताई अशी चार माणसे तिला घेऊन येतात. नाव लिहून होते, कागदावर अंगठे आणि सह्या होतात, आणि दार लागते. आत ती, बाहेर बाकी सगळ्या. आत भगभगीत दिवा, लोखंडी टेबल, पलीकडच्या टेबलावर ओरडणारी दुसरी एक बाई, ये-जा करणारी अनोळखी माणसे. तिला पाणी हवे असते, कूस बदलावयाची असते, ‘अजून किती वेळ?’ हे विचारावयाचे असते. कोणाला विचारणार? सिस्टर एक आणि टेबले चार. सिस्टर वाईट नसते. तिला चौघींची नाडी पाहावयाची असते, कागद भरावयाचे असतात, आणि पाचवी गाडी फाटकाशी आलेली असते. मग आतून एक दरडावणी ऐकू येते. ती कोणत्या शब्दांत असते हे येथे बसलेल्या पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. ते शब्द या व्यासपीठावरून उच्चारण्यासारखे नाहीत. प्रसूतिगृहात स्त्रियांचा अपमान होतो, त्यांच्यावर ओरडले जाते, प्रसंगी हातही उगारला जातो, ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये या प्रकारांविरुद्ध निराळे निवेदन काढावे लागले.

बाहेरच्या बाकावर बसलेली आई या सगळ्या वेळात काय करते? पदराशी चाळा करीत बसते. जिने स्वतः तीन-चार बाळंतपणे भोगली आहेत, लेकीच्या कंबरेवर नेमका कोठे हात दाबला म्हणजे बरे वाटते हे जिला ठाऊक आहे, त्या अनुभवाला आपण दाराबाहेर बसवून ठेवले आहे.

आता मी आपणांस थोडे दूर, मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात नेणार आहे. तेथील एका गर्दीच्या इस्पितळात, जेथे नातेवाइकांना आत सोडीत नसत, जॉन केनेल आणि मार्शल क्लाउस या दोघा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने त्यांनी बायांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीप्रमाणेच ठेवले. दुसऱ्या गटातील प्रत्येकीजवळ एक बाई बसविली. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती, ओळखीचीही नव्हती. तिने हात धरावयाचा, पाठ चोळावयाची, बोलत राहावयाचे आणि उठून जावयाचे नाही, एवढेच तिचे काम. गुंतागुंतीवाचून सुखरूप सुटका झालेल्या वीस-वीस बाया प्रत्येक गटात त्यांना हव्या होत्या. सोबत असलेल्या गटात अशा वीस मिळविण्यास ३३ बाया दाखल कराव्या लागल्या. सोबत नसलेल्या गटात १०३. आणि त्या वीस-वीसांतही दाखल झाल्यापासून सुटका होईपर्यंतचा वेळ एकीकडे सरासरी ८.८ तास, दुसरीकडे १९.३ तास. सोबत लाभलेल्या आया बाळंतपणानंतर अधिक वेळ जाग्या राहिल्या, बाळाला अधिक कुरवाळीत, त्याच्याशी अधिक बोलत, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. हा निबंध १९८० मध्ये अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला.

मला स्वतःला मात्र त्यांचाच दुसरा प्रयोग अधिक विलक्षण वाटतो. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या सार्वजनिक इस्पितळात, गरीब आणि पुष्कळशा स्पॅनिश बोलणाऱ्या अशा सहाशेच्या वर पहिलटकरणींवर तो झाला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे गट तीन होते. पहिलीजवळ सोबतीण, जी बोले, हात धरी. तिसरीजवळ कोणी नाही. आणि मधल्या गटात खोलीच्या कोपऱ्यात एक बाई नुसती बसून नोंदी करी. तिने बाळंतिणीशी बोलावयाचे नाही, तिला स्पर्शही करावयाचा नाही. जिच्याजवळ कोणी नव्हते त्या गटात शंभरांत १८ जणींची सिझर झाली. सोबतीण असलेल्या गटात ८. आणि मुक्या बाईच्या गटात १३! कोपऱ्यात एक बाईमाणूस नुसते बसून आहे, आपल्याला टाकून जात नाही, एवढ्यानेही पोटावरची शस्त्रे कमी झाली. दवाखान्याच्या यादीत असे कोणते औषध आहे, हे मी आमच्या गावातल्या एका डॉक्टरांना विचारले. ते हसले, पण त्यांनी मासिक मागून घेतले.

या सोबतिणीला तिकडे ‘डूला’ म्हणतात. डाना राफाएल या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९७३ च्या आपल्या स्तनपानावरील पुस्तकात हा शब्द वापरला, आणि पुढे तो या कामाला चिकटला. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे दासी, गुलाम स्त्री. मी कोशात हा अर्थ पाहिला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. जगाने या कामासाठी शब्द शोधला आणि तो नेमका बिनपगारी बाईचा निघाला! या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

आकड्यांच्या बाबतीत एक प्रामाणिकपणा पाळला पाहिजे. ग्वाटेमालामधला दहा तासांचा फरक पुढील मोठ्या प्रयोगांत टिकला नाही. २०१७ साली १७ देशांतील २६ प्रयोगांची, म्हणजे १५ हजार ८५८ स्त्रियांची एकत्र छाननी झाली, तीत कळांचा काळ सरासरी सुमारे ४१ मिनिटांनी कमी भरला. युनियनचे पुढारी पहिला आकडा सांगून दुसरा गाळतात असा आमच्यावर आरोप असतो, म्हणून दोन्ही सांगितले. परंतु त्याच छाननीत सिझरचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले, जन्मतः मलूल असणारी बाळे कमी आढळली, आणि ‘बाळंतपण फार वाईट गेले’ असे म्हणणाऱ्या बायाही कमी. अपाय मात्र कोठेही आढळला नाही. शिवाय ही सोबतीण काही खास परदेशी शिक्षणाची लागते असेही नाही. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरचीच नातेवाईक बाई आत सोडली होती. तेथे शंभरांत ९१ जणींची सुटका आपोआप, नैसर्गिक रीतीने झाली, आणि एकट्या असणाऱ्यांत ७१ जणींची.

हे का घडते, याचे उत्तर शरीरशास्त्रवाले देतात ते आपल्या आजीलाही कळले असते. भ्यालेल्या गाईला पान्हा फुटत नाही. भीतीने अंगात जी द्रव्ये उसळतात, ती गर्भाशयाच्या कळांना आवर घालतात. कळा मंदावल्या की बाहेरून औषध देऊन त्या वाढवाव्या लागतात, औषधाच्या कळा अधिक कडक, त्याने भीती आणखी वाढते. या रहाटगाडग्याला धीर देणारी बाई पहिल्याच फेऱ्याला खीळ घालते. ती बाईला चालवते, उकिडवी बसवते, कंबर दाबते, घोटघोट पाणी पाजते, आणि सिस्टर काय म्हणाल्या ते तिच्या बोलीत तिला सांगते. नाडी पाहणे, आतून तपासणे, सुई टोचणे यांतले ती काहीही करीत नाही. सुईण आणि सोबतीण यांतला हा भेद नीट ध्यानात ठेवावयास हवा. सुईण बाळंतपण करते. सोबतीण बाळंतिणीजवळ असते.

‘यात नवे ते काय? आपल्याकडे हे होतेच,’ असे आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील. होते, खरे आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत म्हणजे सोबतीची तजवीजच होती. सुटकेनंतर सव्वा महिना शेक-शेगडी, पोट बांधणे, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, रोज सकाळी येऊन आईला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई. ज्यांना हे लाभले त्यांनी त्याची गोडी सांगावी. मी आड येत नाही. पण या चित्रात दोन गोष्टी झाकलेल्या आहेत, त्या उघड केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

एक अशी की, ज्या हातांनी नाळ कापली, वार पुरली, विटाळाचे कपडे धुतले, त्या हातांना बाराव्या दिवशी लुगडे-नारळ देऊन आपण पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे केले. ते हात बहुधा ज्यांना आपण खालचे मानले त्या जातींतल्या बायांचे होते. कामाची गरज सर्वांना होती, कामाचा विटाळ मात्र करणारीला. ग्रीक लोकांनी तिला दासी म्हटले; आपण तेवढा शब्द खर्च केला नाही, इतकेच.

दुसरी अशी की, हा सव्वा महिना कधीच सर्वांचा नव्हता. ज्या घरात धान्याची कणगी होती त्या घरचा तो होता. आजही ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीडकडून निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर मुकादमाची उचल. अशा टोळीतल्या बाईला कळा लागतात त्या परक्या जिल्ह्यात, उसाच्या पाचटावर नाहीतर कोपीत. माहेर तीनशे कोस दूर नसते, पण तेथेही कुलूप असते, कारण तिची आईही कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्याच्या फडात कोयता चालवीत असते. तिला सव्वा महिना कोणी द्यावयाचा? खाडा पडला की उचलीतून कापला जातो. बाळ कोपीपाशी झोळीत, आणि आई फडात. त्या मातेच्या सोबतीचा प्रश्न न्हाऊ घालणाऱ्या बाईने सुटत नाही.

या ठिकाणी माझा खरा विषय येतो, आणि तो कायद्याचा आहे.

प्रसूतीच्या रजेचा कायदा आपल्या मुंबई इलाख्याने देशात पहिल्यांदा केला, १९२९ साली. त्याच्या आदल्या वर्षी कौन्सिलात त्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून हा भार मुळात सरकारने उचलावयास हवा. परंतु बायांच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकालाही तो झटकता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. नोंदणीकृत कारखान्यात, कचेरीत पगारपत्रकावर असणाऱ्या बाईला त्याचा आधार आहे. शेतावर, फडावर, परक्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही पगारी रजा देणारा मालकच कागदावर सापडत नाही. हे रडगाणे आपण नेहमी ऐकता. पण या साऱ्या कायद्यांत आणखी एक बाई मुळीच नाही, आणि तिच्याकडे आम्हा युनियनवाल्यांचेही लक्ष गेले नव्हते. ती म्हणजे बाळंतिणीजवळ जाऊन राहणारी बाई.

आमच्या यंत्रमागाच्या गावात एक कांडी भरणारी बाई होती. चौदा वर्षे एका जागी काम. लेकीचे पहिले बाळंतपण आले, जावई दुसऱ्या राज्यात कामाला, सासू अंथरुणावर. ही लेकीकडे गेली. बाळ कमी वजनाचे निघाले म्हणून ठरविलेले आठ दिवस बावीस झाले. परत आली तो तिच्या कांडीच्या यंत्रावर दुसरी बाई. दिवाणजी म्हणाले, ‘बाळंतपण तुझे होते काय?’ आम्ही भांडलो. मालकाचा वकील म्हणाला, कोणत्या कलमाखाली भांडता ते दाखवा. कलम नव्हते. तडजोड होऊन तिला तीन महिन्यांनी बदलीत घेतले, चौदा वर्षांची नोकरी शून्यावर आणून. त्या दिवाणजींचा प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला. बाळंतपण तिचे नव्हते हे खरे. परंतु त्या बावीस दिवसांत तिने जे काम केले ते इस्पितळाने केले असते तर त्याचे बिल झाले असते. घरच्या बाईने केले म्हणून त्याला खाडा म्हणतात.

बाळ जगविण्यात या कामाचा वाटा किती, हे आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बाया निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला पुसून कोरडे करून ऊब देणे, पहिल्या तासात चिकाचे दूध पाजणे, मध-गुटी चाटविणे बंद करणे, श्वास मोजणे, वजन करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, आणि घरी पुन्हा पुन्हा जाऊन पाहणे, असे त्यांचे काम. १९९९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच घरपोच सेवा देशभर घेतली आणि ती आशाताईंवर सोपविली. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जावयाचे. बेचाळीस दिवस! सव्वा महिनाच झाला की हा, चार दिवस वाढवून. आजीचा हिशेब आणि शास्त्राचा हिशेब एका ठिकाणी येऊन मिळाले. या सहा फेऱ्यांना मिळून मोबदला त्या वेळी ठरला २५० रुपये. फेरीला साधारण बेचाळीस रुपये पडले. दिवसाला मोजले तर साधारण सहा रुपये.

आणि दवाखान्यात घेऊन जाण्याचे? ग्रामीण भागात गरोदरपणाच्या तपासण्यांचे ३०० आणि दवाखान्यात पोचविण्याचे ३००, असा हिशेब योजनेत धरलेला आहे. रात्री दोन वाजता गाडी बोलावून ती बाळंतिणीबरोबर तालुक्याला येते. दार लागते. मग तीही आईशेजारी त्याच बाकावर. तेथे झोपावयास जागा नाही, पुष्कळ ठिकाणी तिच्यासाठी संडासाची सोय नाही, आणि पहाटे मोकळी झाली तर परत जावयास गाडी नाही, कारण गाडी बाळंतिणीची, तिची नव्हे. सरकारी भाषेत ती कामगार नव्हे, स्वयंसेविका. तिला पगार नसतो, मानधन असते. मानधनात मान किती आणि धन किती, हे २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या आशाताई संपावर उतरल्या तेव्हा त्यांनी चौकाचौकांत सांगितले. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनाकर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. त्या परिषदेत सरकार, मालक आणि आम्ही असे तिघेही असतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाख आशांचा गौरव केला. शिफारस झाली, गौरव झाला. पगारपत्रक झाले नाही.

आता सर्वांत महत्त्वाची बातमी, जी बातमी म्हणून सांगावी लागते हेच नवल. बाळंतिणीला आत सोबत घेण्याची मुभा सरकारने केव्हाच दिलेली आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रीय आरोग्य खात्याने सरकारी दवाखान्यांसाठी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या: सोबतीण स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी, उपचारांत ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बाळंतिणीकडे जाऊ नये. जेथे आडोशाची व्यवस्था आहे तेथे नवऱ्यालाही येता येईल. २०१७ अखेर सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही लेबर रूम सुधारताना ही सोबत धरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत द्यावी असे सांगितले. कागदाची कसर कोठे नाही. मी मात्र गेल्या काही वर्षांत चार जिल्ह्यांतल्या प्रसूतिगृहांबाहेरच्या बाकांवर बसलो, बायांना विचारले. हा कागद निघाला आहे हे पंधरांत एकीला ठाऊक होते, आणि ती एक स्वतः नर्सची बहीण निघाली.

दवाखान्यातली माणसे यावर ज्या अडचणी सांगतात त्या मी थट्टेवारी नेणार नाही. जागा नाही, हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. एका खोलीत चार टेबले, मध्ये पडदा नाही. एकीची सोबतीण आत आली तर बाकीच्या तिघींची लाज उघडी पडते. मग पडदा लावा! चार पडदे आणि चार खुर्च्या यांना किती रुपये पडतील? त्याच इस्पितळात एका यंत्राच्या उद्घाटनाच्या मंडपाला त्याहून अधिक पडलेले मी पाहिले आहेत. नातेवाईक गोंधळ घालतात, हेही खरे. पण गोंधळ बाहेर बसविल्यामुळे होतो. आत काय चालले आहे हे ज्यांना कळत नाही ते दार बडवतात. जी आत आहे, जिने पाहिले आहे की सिस्टरने रात्रभर पाठ टेकली नाही, ती बाहेर येऊन चार जणांना शांत करते.

तिसरी शंका परिचारिका भगिनींचीच असते, आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते: सोबतिणी आल्या की सरकार आमच्या जागा भरणे बंद करील. ही भीती अनाठायी नाही. स्वस्त बाई मिळाली की महाग बाईची जागा रिकामी ठेवावयाची, ही युक्ती आम्ही गिरणीत पाहिली, यंत्रमागात पाहिली. म्हणून सांगतो की सोबतीण ही नर्सची बदली नव्हे. चार टेबलांना एक सिस्टर हा गुन्हा सोबतिणीने झाकला जाता कामा नये. नर्सची मागणी आणि सोबतिणीची मागणी एकाच निवेदनात, एकाखाली एक, लिहिली पाहिजे.

मुंबई-पुण्यात आता फी घेऊन डूलाचे काम करणाऱ्या शिकलेल्या भगिनी आहेत. काही लोक त्यांना हसतात. पैसे देऊन हात धरावयाला बाई ठेवायची, हे फॅड आहे म्हणतात. मी हसत नाही. त्यांनी एक मोलाची गोष्ट केली आहे: या कामाला दर असतो, हे त्यांनी प्रथमच उघड म्हटले. प्रश्न इतकाच की, ज्या बाईला तो दर परवडतो तिलाच ही सोबत मिळणार की काय? देशभरातल्या खाजगी इस्पितळांत २०१९-२१ च्या पाहणीत शंभरांत ४७ बाळंतपणे सिझरने झाली, सरकारीत १४. म्हणजे पैसे मोजणारीला शस्त्र अधिक आणि न मोजणारीला दार बंद. सोबत दोघींनाही हवी आहे.

आमच्या युनियनने यंदाच्या मागणीपत्रात एक कलम घातले आहे. लेक, सून किंवा बहीण यांच्या बाळंतपणासाठी स्त्री-कामगाराने घेतलेले पंधरा दिवसांपर्यंतचे खाडे नोकरीत खंड धरू नयेत, आणि त्यांतले सात दिवस भरपगारी असावेत. मालकसंघाने पहिल्या बैठकीत ते वाचून हसून बाजूला ठेवले. दुसऱ्या बैठकीत त्यांच्यातल्या एका वयस्कर सभासदांनी विचारले, की पुरुष-कामगाराने बायकोच्या बाळंतपणासाठी घेतलेल्या दिवसांचे काय. आम्ही म्हटले, लिहून घ्या, तेही घालू. तिसरी बैठक पुढल्या महिन्यात आहे.

राहिली आपल्या गावच्या इस्पितळाची गोष्ट. प्रत्येक सरकारी इस्पितळाला रुग्ण कल्याण समिती असते, आणि तिच्या हाती किरकोळ खर्चाचे थोडे पैसेही असतात. आपल्या येथे त्या समितीत कोण आहेत, तिची बैठक केव्हा असते, हे मी विचारून आलो आहे. बैठक या महिन्याच्या अखेरीस आहे. चार पडदे, चार खुर्च्या, आशाताईंसाठी रात्री टेकावयास एक खोली, आणि २०१६ च्या सूचना मराठीत लिहून दारावर लावलेला एक फलक, एवढ्या मागणीचा अर्ज मी लिहून आणला आहे. तो सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. सही करणाऱ्या भगिनींनी शेजारच्या रकान्यात आपले बाळंतपण कोठे झाले आणि आत कोण होते, हे दोन शब्दांत लिहावे. पुरुषांनी नुसती सही केली तरी चालेल.

माझी वेळ संपत आली आहे असे अध्यक्षमहाराज खुणावीत आहेत. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या असतील तर त्या इकडे पाठवाव्यात. वैद्यकीय प्रश्नांना मी हात लावणार नाही. पहिल्या रांगेत आपल्या गावच्या दोन निवृत्त परिचारिका बसल्या आहेत, ते प्रश्न त्यांच्याकडे जातील.